सोळा हजारांचं मांजर आणि न मागितलेली पावती

मंडळी, आज खड्डे नाहीत, पाणीकपात नाही, पीएमपीची न आलेली बसही नाही. आज मांजर.

हसू नका, शेवटपर्यंत वाचा. इथे गेली काही वर्षं मी तुमच्या मागे लागून एकच गोष्ट सांगत आलोय, की पैसे दिलेत तर पावती मागा. पार्किंगवाल्याकडे मागा, टँकरवाल्याकडे मागा, सोसायटीच्या कार्यालयात मागा. आणि दोन वर्षांपूर्वी मीच एका उड्डाणपुलाखाली सोळा हजार रुपये रोख मोजले, बिनपावतीचे. जे घेतलं ती वस्तू नव्हती, जीव होता. सहा दिवसांत तो गेला.

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. आता लिहितोय, कारण गेल्या महिन्यात आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "मुलीसाठी ब्रीडचं मांजर घ्यायचंय, कुठे स्वस्त मिळेल?" त्याखाली धडाधड नंबर पडले. त्यातला एक नंबर माझ्या ओळखीचा होता.

लेक तेव्हा सातवीत होती. तिने मोबाईलवर एक मांजर पाहिलं. वटवाघळासारखे मोठे कान, लांबुळकं त्रिकोणी तोंड, काडीसारखे पाय. "बाबा, हे ओरिएंटल शॉर्टहेअर." मला वाटलं चार दिवसांचं वेड आहे. पण तिने एक दोनशेपानी वही केली आणि त्यात लिहायला लागली. तिच्यामुळे मला कळलं, की सयामी मांजर म्हणजे आताच्या थायलंडचं, जुन्या सयामचं. तिकडे जुन्या हस्तलिखितांत मांजरांची चित्रं आणि लक्षणं लिहून ठेवलेली आहेत. १८७८ साली बँकॉकमधल्या अमेरिकन वकिलाने तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या, म्हणजे हेज यांच्या घरी एक सयामी मांजर भेट पाठवलं. १८८४ मध्ये ब्रिटिश अधिकारी गूल्ड यांनी एक जोडी इंग्लंडला आणली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या लोकांनी सयामीचा इतर मांजरांशी संकर करून अंगकाठी तीच, पण रंग वेगळे, अशी मांजरं तयार केली. ती ओरिएंटल. अमेरिकेतल्या मोठ्या मांजर संघटनेने या जातीला १९७७ मध्ये मान्यता दिली. थोडक्यात, सयामी आणि ओरिएंटल ही एकाच घरातली चुलत भावंडं.

वहीच्या तिसऱ्या पानावर तिने "घेण्याआधी" असं शीर्षक देऊन पाच मुद्दे लिहिले होते. पहिला मुद्दा लाल पेनाने: पिल्लू बारा आठवड्यांचं हवं. दुसरा: आई बघायची. हे पान मी वाचलं होतं. हे मुद्दाम सांगतोय. मला माहीत नव्हतं, अशी पळवाट माझ्याकडे नाही.

जानेवारीत तिचा वाढदिवस. मला सरप्राईज द्यायचं होतं. बायको म्हणाली, "अरे, तिला घेऊन जा ना बरोबर, तिने एवढा अभ्यास केलाय." पण सरप्राईज म्हटल्यावर बापाला चेव येतो. ऑनलाइन एक जाहिरात दिसली. ओरिएंटल आणि सयामी पिल्लं, घरी डिलिव्हरी, लसीकरण पूर्ण. फोटो असे की नजर हटू नये. फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा. "सर, बावीस हजार चालू रेट आहे, तुम्ही पुण्यातले म्हणून सोळा. टोकन टाका, दुसरी पार्टी थांबलीय." आई बघायला येऊ का, असं विचारलं, तर म्हणाला, "सर, फार्म लांब आहे, आणि बाहेरचे लोक आले की इन्फेक्शन होतं." मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं ना!

लसीकरणाच्या कार्डाचा फोटो त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यावर दवाखान्याचा शिक्का नव्हता, डॉक्टरांचं नाव नव्हतं, बॅच नंबरचं स्टिकर नव्हतं. नुसती तारीख. मी, जो तुम्हाला टेंडरच्या कागदावरच्या सह्या तपासायला सांगतो, त्या मी तो फोटो झूम करूनही पाहिला नाही.

संध्याकाळी सातला हायवेच्या उड्डाणपुलाखाली एक मोटरसायकल आली. हँडलला बुटांचं खोकं अडकवलेलं, त्याला चार भोकं. आत पांढरंशुभ्र, मुठीएवढं पिल्लू, निळे डोळे. मी विचारलं, "याच्या कानाला, शेपटीला काळा रंग कुठाय?" तो म्हणाला, "सर, रंग नंतर येतो." वय विचारलं. "दीड महिना." मी पैसे दिले. तो मोजून निघून गेला. सगळं मिळून पाच मिनिटं.

घरी आल्यावर लेकीने आनंदाने ओरडून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला, "बाबा, किती आठवड्यांचं आहे?"

मी म्हटलं, "अगं, तीन महिन्यांचं आहे, जातच बारीक असते ना त्यांची."

हे खोटं मी वाढदिवसाच्या दिवशी, केकसमोर बोललो.

नाव ठेवलं साबू. साबुदाण्यासारखं पांढरं म्हणून. पहिले दोन दिवस त्याने घर डोक्यावर घेतलं. आमची आई, म्हणजे लेकीची आजी, आधी "घरात मांजर नको, केस होतात" म्हणणारी, तिच्या पायावर चढून ते झोपलं आणि ती तासभर पाय न हलवता बसून राहिली. तिसऱ्या दिवशी साबू जेवलं नाही. चौथ्या दिवशी उलट्या. मग ते पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायला लागलं. पाणी पीत नव्हतं, नुसतं वाटीवर वाकून बसायचं. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी त्याला काट्यावर ठेवलं. चारशे ऐंशी ग्रॅम. तोंड उघडून दात पाहिले. "वय काय सांगितलंत?" मी गप्प. लेक म्हणाली, "तीन महिने." मॅडम म्हणाल्या, "नाही गं बाळा. सहा आठवडे, फार तर." लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून म्हटलं, "दीड महिना सांगितला होता." ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. फेलाइन पॅनल्युकोपेनिया. मांजरांचा पार्व्हो म्हणा हवं तर. हा विषाणू आतड्यावर आणि अस्थिमज्जेवर हल्ला करतो. लस न घेतलेल्या लहान पिल्लांमध्ये वाचणारी थोडीच. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन दिवसांपासून आठवडा-दहा दिवस जातात. म्हणजे आमच्याकडे येताना, त्या बुटांच्या खोक्यात, ते बहुधा आजार घेऊनच आलं होतं. माणसांना हा आजार होत नाही, पण घरात हा विषाणू वर्षभरसुद्धा टिकतो. साध्या फिनेलने मरत नाही, ब्लीच लागतं.

मी मॅडमना विचारलं, "हे सयामी आहे ना?" आता वाटतं, त्या क्षणी हा प्रश्न मला का पडला असेल. त्या म्हणाल्या, "सयामी पिल्लू जन्मतः पांढरं असतं हे खरं, पण पहिल्या महिन्यातच कान-नाक-शेपटी गडद व्हायला लागते. सहाव्या आठवड्यात रंग दिसायलाच हवा होता. आणि डोळे म्हणाल तर या वयात बहुतेक सगळ्याच मांजरांचे निळे असतात." म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये मोटारींच्या खाली जन्मतात, तसंच एक पिल्लू. कुणीतरी आईच्या अंगावरून उचललेलं आणि फोटो कुठल्यातरी परदेशी मांजराचे दाखवून विकलेलं.

सलाईन, इंजेक्शनं, गरम पाण्याच्या पिशव्या. सहाव्या दिवशी पहाटे चारला साबू गेलं. मुळशीला मित्राच्या शेतात पुरलं. येताना गाडीत मी आईला म्हटलं, "फसवलं गं आपल्याला, जात खोटी निघाली." आई म्हणाली, "जात खोटी असेल रे, पोरगी रात्रभर जागली ती कुणासाठी?" त्यावर मी काही बोललो नाही.

त्या माणसाला फोन केला. "सर, तुमच्या घरी गेल्यावर झालं, आमच्याकडे सगळी पिल्लं ओके आहेत. दुसरं घ्या, हाफ रेटमध्ये देतो." मी आवाज चढवल्यावर नंबर ब्लॉक. चार दिवसांनी तेच फोटो नव्या नावाने पुन्हा वर आले.

आता सार्वजनिक प्रश्नाचा भाग. हा वाचाच.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याखाली २०१८ मध्ये पेट शॉपसाठी केंद्राचे नियम आले. प्राणी विकणाऱ्या दुकानाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, खरेदी-विक्रीची नोंद ठेवायची, आईचं दूध न सुटलेलं, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत. मांजरांच्या घरगुती पैदाशीसाठी तसे वेगळे नियम नाहीत. आणि १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपये, मंडळी. सिग्नल तोडला तर याहून जास्त भरावे लागतात.

मी तक्रार करायला दोन ठिकाणी गेलो. एका ठिकाणी अर्ज घेतला. दुसऱ्या ठिकाणी साहजिक प्रश्न विचारला, "विकणाऱ्याचं नाव, पत्ता, बिल?" माझ्याकडे काय होतं? ब्लॉक झालेला नंबर आणि उड्डाणपूल. ग्राहक म्हणून दाद मागायची तरी व्यवहार झाल्याचा पुरावा लागतो, आणि पैसे मी रोख दिले होते. समोरच्याला मी शिव्या घालू शकत होतो, पण पुरावा नष्ट करायला मीच मदत केली होती. हा धंदा अंधारात चालतो, कारण आपण गिऱ्हाईकं अंधारात जायला तयार असतो. नोंदणी असलेल्या ठिकाणी आई दाखवतात, बिल देतात, बारा आठवडे थांबायला लावतात आणि पैसे जास्त घेतात. आपल्याला उद्या हवं असतं आणि स्वस्तात हवं असतं.

पुढे काय झालं, ते सांगतो.

मॅडमनी बजावलं होतं, वर्षभर घरात लस न झालेलं पिल्लू आणायचं नाही. घर ब्लीचने धुतलं, त्याची वाटी, टोपली, खेळणी सगळं फेकलं. लेकीने वही कपाटात टाकली. चार महिने मांजर हा शब्द घरात निघाला नाही. मग मे महिन्यात मॅडमचाच फोन आला. एक सयामी मादी आहे, तीन वर्षांची, लसी पूर्ण. एक घर बदली होऊन बाहेरगावी गेलं, दुसऱ्या घराने दोन महिन्यांत परत आणून दिली, कारण रात्री ओरडते. आता कोथरूडच्या एका ताईंकडे आहे. त्या रस्त्यावरची मांजरं सांभाळतात. बघायला याल का?

या वेळी मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बघायला जाऊ. घ्यायचं की नाही, ते मी ठरवणार." आम्ही तिथे तीनदा गेलो. ताईंनी आमचीच मुलाखत घेतली. घरी दिवसा कोण असतं? गॅलरीला जाळी आहे का? सोसायटीची हरकत आहे का? तुमची बदली झाली तर? मांसाहार चालतो का? शेवटच्या प्रश्नाला मी अडखळलो.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण मांजर शाकाहारी होत नाही. कुत्रा भाकरीवर काही काळ निभावून नेतो, मांजराचं तसं नाही. टॉरिन नावाचा एक घटक त्यांना मांसातूनच लागतो, तो मिळाला नाही तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. मांजर म्हणजे दूधभात हे आपल्या डोक्यातलं चित्र आहे. बऱ्याचशा मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. दोन दिवस घरात चर्चा झाली. निकाल आईने दिला. "तिचं ताट गॅलरीत, भांडी वेगळी. देवाने तिला तसंच केलंय, त्यात तिचा काय दोष?" ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मांजर घेऊ नये. त्यात कमीपणा नाही. पण घेऊन तिला वरणभातावर ठेवणं ही हळूहळू केलेली हिंसाच आहे.

ती आली. आधीचं नाव काहीतरी प्रिन्सेस वगैरे होतं. आठवड्याभरात आईने तिचं नाव ताईसाहेब करून टाकलं, कारण हुकूम सोडल्यासारखंच ओरडते. सयामी मांजर गप्प बसत नाही, हे वहीत लिहिलेलं होतं, पण कागदावरचं वेगळं आणि कानावरचं वेगळं. पहिल्या आठवड्यात पहाटे तीनला असा आवाज, की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सकाळी विचारायला आल्या, "बाळ आलंय का हो घरी?" आधीच्या दोन्ही घरांनी हिला सोडलं ते याच आवाजामुळे, आणि दोघांनीही तिचं ऑपरेशन केलं नव्हतं. माजावर आलेली मादी रात्रभर ओरडते, त्यात सयामीचा गळा म्हणजे विचारू नका. ताईंनी आमच्याकडे द्यायच्या आधीच नसबंदी करून घेतली होती. महिन्याभरात रात्रीचं ओरडणं थांबलं. दिवसाचं बोलणं चालू आहे. कुलूप उघडल्याचा आवाज आला की तक्रारींचा पाढा सुरू.

ऑपरेशनच्या वेळी तिच्या कुशीवरचे केस काढले होते. तिथे नवे केस आले ते चॉकलेटी! लेकीने घाबरून मॅडमना फोन केला. त्या हसल्या. या मांजरांच्या अंगात रंग बनवणारा जो घटक आहे, तो फक्त थंड जागी काम करतो. कान, नाक, पाय, शेपटी अंगापेक्षा थंड, म्हणून ती गडद. केस काढल्यावर कुशीची कातडी थंड पडली, म्हणून तिथे रंग आला. पुढच्या वेळी केस गळून नवे आल्यावर तो ठिपका फिकट झाला. लेकीने कपाटातून वही काढली आणि हे लिहून ठेवलं. चार महिन्यांनी वही उघडलेली पाहून बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

आता जमाखर्च, कारण फोटो बघून मांजर घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. दोन गॅलऱ्या आणि खिडक्यांना जाळी, सात हजार. चौथ्या मजल्यावरून मांजर पडत नाही, हा गैरसमज आहे. पडतात आणि मरतात. खाणं आणि वाळू धरून महिन्याला तीन हजारांच्या आसपास. दरवर्षी लसी, त्यात रेबीजची आलीच. दात आणि हिरड्यांचा त्रास या जातीत जास्त, दम्याचाही. ताईसाहेबांना सकाळच्या धुपाने ठसका लागायचा, तेव्हा आईने धूप बंद करून नुसतं निरांजन ठेवलं. समारंभात मिळालेले लिलीच्या फुलांचे गुच्छ आम्ही घरात आणत नाही. लिलीने मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. आणि ताप आलाय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कृपा करून देऊ नका. अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं.

वाळूबद्दल एक, कारण कचरा हा आपला नेहमीचा विषय. ती ओल्या कचऱ्यात टाकायची नाही, संडासात तर मुळीच नाही, पाइप तुंबतात. कागदात नीट गुंडाळून, वर खूण करून वेगळी द्यायची. आपला कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताई आहेत, त्यांच्या हाताला ते लागता कामा नये. घरात गरोदर बाई असेल तर वाळू दुसऱ्या कुणीतरी साफ करायची.

सगळ्यात मोठा खर्च वेळेचा. इतर मांजरं एकटी राहतात, ही जात एकटी राहिली की खचते. अंगावरचे केस चाटून काढते, जेवण सोडते. आमच्याकडे आई दिवसभर घरी असते म्हणून हे जमलं. दुपारी मालिका लागली की ताईसाहेब तिच्या पांघरुणात. आई गेल्या वर्षी पंधरा दिवस गावी गेली, तर ही दारासमोर बसून राहायची. नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि घर दहा तास बंद, अशा घराने सयामी किंवा ओरिएंटल घेऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. दुसरं कुठलंही साधं, देशी, मोठं झालेलं मांजर घ्या. शक्यतो जोडी घ्या.

सोसायटीत एका सभासदाने विषय काढला, की ठराव करून मांजरं बंद करू. मी प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून नेल्या. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पण त्याच सभेत मी हेही म्हटलं, की पाळणाऱ्याने रात्रीचा आवाज, घाण, लस याची जबाबदारी घ्यायलाच हवी. हक्क सांगायचा तर कर्तव्याची बाजू आधी स्वच्छ हवी.

आता त्या ग्रुपवरच्या प्रश्नाचं माझं उत्तर. तिथेही हेच लिहिलं.

एक. स्वतः जा, दिवसा जा, आई बघा. पिल्लू ज्या जागेत वाढलं ती जागा बघा. आई दाखवत नसेल तर व्यवहार संपला.

दोन. बारा आठवडे. तोवर आई आणि भावंडं त्याला चावायचं किती, खेळायचं कसं हे शिकवतात आणि लसींचे पहिले डोस होतात. "दीड महिन्याचं आहे, लळा लवकर लागतो" म्हणणारा तुम्हाला मूर्ख बनवतोय.

तीन. लसीच्या कार्डावर दवाखान्याचा शिक्का, सही आणि स्टिकर हवं. त्या दवाखान्याला फोन करा. एक फोन. मी केला नाही.

चार. रोख देऊ नका. बिल मागा, नोंदणी क्रमांक विचारा. पहिल्या आठवड्यात तुमच्या डॉक्टरकडे तपासणी आणि आजारी निघालं तर काय, हे आधी लिहून घ्या.

पाच. आपल्या गावात खरं ओरिएंटल मिळणं फार अवघड आहे. स्वस्तात आणि लगेच मिळत असेल तर ते ओरिएंटल नाही. आणि जात हवीच का, हे एकदा स्वतःला विचारा. सोडून दिलेली सयामी आणि पर्शियन मांजरं शहरातल्या सांभाळणाऱ्यांकडे आहेत. त्यांच्या शेजारी पार्किंगमधली देशी पिल्लंही आहेत. त्यांच्याही डोळ्यांत तुम्ही आल्यावर तेवढीच चमक येते.

सहा. मुलांसाठी घेताय तर मुलांना बरोबर न्या. आणि त्यांच्याशी खोटं बोलू नका.

शेवटचं. २०२२ मध्ये पुणे महापालिकेने कुत्र्यांसारखी मांजरांचीही नोंदणी सक्तीची करायचं ठरवलं. तेव्हा या निर्णयाची टिंगल करणारी पोस्ट मी इथेच लिहिली होती. "आता उंदरांचंही आधार कार्ड काढा," असं काहीतरी. तुमच्यातल्या पुष्कळांनी ती शेअर केली होती. ती पोस्ट मी आज मागे घेतो. नोंद नसलेल्या जिवाचं काय होतं, ते मी पाहिलंय. नोंदणी नुसती पाळणाऱ्यांची नको, विकणाऱ्यांची हवी आणि ती तपासली जायला हवी. ही मागणी मी लेखी दिली आहे. उत्तर आलं की इथे टाकीन, नाही आलं तर तेही टाकीन.

ताईसाहेबांची नोंदणी आम्ही केली. रेबीजच्या लसीचा दाखला, पत्त्याचा पुरावा, आणि शुल्क एका मिसळीपेक्षा कमी. लेकीने त्याची पावती प्रिंट काढून वहीत चिकटवली, तिसऱ्या पानाच्या समोर. त्याच पानावर, पहिल्या मुद्द्याखाली, तिने तेव्हा पेन्सिलने साबूचं खरं वय लिहून ठेवलं होतं: सहा आठवडे. ते तिने खोडलेलं नाही, आणि मीही तिला खोडायला सांगितलेलं नाही.

पोस्ट लांबली, माफ करा. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी मांजराचा नंबर मागितला, तर तो देण्याआधी ही पाठवा.